शालेय नाट्यप्रवेशातील ध्वनियोजना

१९४८ च्या १७ सप्टेंबरच्या स्मरणार्थ मंठ्याच्या शाळेत मुक्तिसंग्रामावरील प्रवेश बसवावयाचा झाल्यास घोड्यांच्या टापा, नगारा इत्यादी ध्वनी आता संगणकावरून वाजविता येतात. ‘लिनक्स शो प्लेयर’ ही त्याकरिता विनामूल्य मिळणारी आज्ञावली होय. तीत प्रत्येक ध्वनीचा एक ‘क्यू’ करतात. स्पेसची कळ दाबली की यादीत निवडलेला क्यू सुरू होतो.

येथे एक चूक सहज घडते. एकामागून दुसरा ध्वनी आपोआप सुरू करण्याची सोय दिसताच सर्व क्यू साखळीने जोडले जातात. परंतु चौथीतील मूल तालमीत जितक्या वेळात वाक्य म्हणते, तितक्याच वेळात ते रंगमंचावर म्हणेल असे नाही. ते अडखळते, तोच नगारा वाजतो, आणि उरलेले वाक्य ओठांतच राहते. म्हणून जेथे मुलाचे भाषण आहे, तेथे क्यूची पुढील क्रिया ‘काही नाही’ अशी ठेवावी व मुलाकडे पाहूनच कळ दाबावी. संगीत नाटकातील तबलजीही नटाकडेच डोळे लावून बसत असे! दोन ध्वनींमध्ये कोणी बोलणारच नसेल, तर साखळी खुशाल असावी.

टापांचा ध्वनी आखूड असल्यास ‘लूप’च्या रकान्यात उणे एक लिहावे, मग तो थांबवीपर्यंत चालू राहतो. थांबविताना एकदम तोडू नये. फेड-आउटकरिता दोन-तीन सेकंद द्यावे.

वीज गेल्यास ध्वनिवर्धक मुका होतो. तेव्हा हलगी वाजविणारा एक विद्यार्थी पडद्यामागे बसवून ठेवावा.