जुना ट्रॅक्टर घेताना

गळीत हंगाम तोंडावर आला की ऊस वाहतुकीसाठी जुना ट्रॅक्टर घेण्याची धांदल उडते. नुसता नवा रंग पाहून इसार देऊ नये. आधी आर.सी. बुक मागावे व त्यावरील इंजिन आणि चॅसिस नंबर ट्रॅक्टरवरच्या नंबरांशी स्वतः ताडून पाहावेत. बुकावर कर्जाचा बोजा असल्यास बँकेचा ना-हरकत दाखला व सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नाहीतर ऐन हंगामात वसुलीवाले ट्रॅक्टर ओढून नेतात अन् तोडलेला ऊस फडातच वाळतो. इंजिन थंड असताना चालू करून बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. शेवटी फॉर्म २९ व ३० वर सह्या घेऊन आर.टी.ओ.त नाव लावावे. ट्रॉलीचे कागद वेगळे असतात, तेही पाहावेत.