दूरसभेची खाती आणि बदलीचा महिना

डहाणू घोलवड चिकूस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून 'अधिकृत वापरकर्ता' हा शब्द या भागातील बागायतदारांच्या परिचयाचा आहे. नोंदवहीत ज्याचे नाव, त्यासच मालावर हे मानांकन लावता येते. शिवाय ही नोंद दहा वर्षांपुरतीच असते, पुढे नूतनीकरण करावे लागते. झूमसारख्या साधनावर शेतकऱ्यांची दूरसभा भरविणाऱ्यांची खातीही याच न्यायाने सांभाळावयास हवीत.

सभेत बसून ऐकणाऱ्यास सहसा खात्याची गरज नसते. त्यास दुवा पुरतो. खाते लागते ते सभा बोलाविणाऱ्यास. मोफत खात्यावरील सभा ४० मिनिटांत संपते, म्हणून लांब वर्गासाठी विकतचा परवाना घ्यावा लागतो, आणि असे परवाने मोजकेच असतात.

महाराष्ट्रात २००५ च्या कायद्यानुसार शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या सामान्यतः एप्रिल किंवा मे महिन्यात होतात. पाठोपाठ पाऊस येतो आणि चिकूच्या बागांत बुरशीजन्य फळगळीची चिंता सुरू होते. फवारणीचा ध्वनिचित्रित पाठ बदलून गेलेल्या माणसाच्या खात्यात अडकला, तर नव्या कार्यकर्त्याने बागायतदारास दाखवावे काय? एकच खाते परवलीच्या शब्दासह हातोहात फिरविण्याची चाल सोयीची वाटते खरी. परंतु मग सभा कोणी उघडली याचा पत्ता लागत नाही. प्रत्येकास स्वतंत्र खाते द्यावे, हेच इष्ट.

एका तालुक्याचे काम हाताने उरकेल. जिल्ह्याचे संगणकाच्या आज्ञावलीवर सोपवावे. कार्यालयाने नाव, हुद्दा, गाव व ईमेल यांचे एकच पत्रक ठेवावे. आज्ञावली हे पत्रक व दूरसभेच्या यंत्रणेतील यादी ताडून पाहते. पत्रकात असून यादीत नसेल त्याचे खाते ती उघडते. हुद्दा बदलला असल्यास तपशील दुरुस्त करते. यादीत असून पत्रकात नसेल त्याचे खाते निष्क्रिय करते. निरनिराळ्या यंत्रणांशी असा व्यवहार एकाच रीतीने व्हावा म्हणून 'स्किम' नावाची पद्धत आहे. तिची दुसरी आवृत्ती २०१५ साली प्रमाणित झाली.

खाते एकदम पुसून टाकू नये. प्रथम निष्क्रिय करावे आणि परवाना नव्या माणसास द्यावा. पुढे पुसावयाचे झाल्यास त्यातील ध्वनिचित्रणे व ठरलेल्या सभा त्याच्या जागी आलेल्याच्या नावे करण्याची सूचना आज्ञावलीत लिहावी. ती राहून गेली, तर पाठ खात्याबरोबर जातात.

आज्ञावलीस यंत्रणेत शिरण्यासाठी गुप्त किल्ली लागते. झूममध्ये तिच्या आधारे मिळणारा प्रवेश-परवाना एक तासच चालतो, पण मूळ किल्ली तशी आपोआप संपत नाही. ती व्हॉट्सॲपच्या गटात पाठवू नये, पत्रकातही लिहू नये. फार घाईने मागण्या केल्यास यंत्रणा ४२९ हा आकडा परत देते. तो दिसताच थांबून पुन्हा प्रयत्न करावा.

सर्वांत मोठा धोका मात्र अर्धवट वाचल्या गेलेल्या पत्रकाचा. पत्रक रिकामे आले, तर आज्ञावली साऱ्या जिल्ह्याची खाती बंद करील! म्हणून प्रथम काहीही न बदलता केवळ होऊ घातलेल्या फेरफारांची यादी काढावी. एकूण खात्यांपैकी दशांशाहून अधिक बंद होणार असतील, तर आज्ञावलीने आपण होऊन थांबावे आणि जबाबदार अधिकाऱ्याने यादीतील नावे एकेक वाचून पाहावीत.