वैमानिक ते मुख्यमंत्री : बिजू पटनाईक

भिवंडी तालुक्यातील ग्रामपंचायतींत आज निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. महाराष्ट्राने १९९० मध्ये ३० टक्के व २०११ मध्ये ५० टक्के आरक्षण स्वीकारले. ओडिशात हेच पाऊल टाकणारे मुख्यमंत्री एकेकाळचे युद्धवैमानिक होते, हे अनेकांना ठाऊक नसेल.

बिजू पटनाईक यांचा जन्म ५ मार्च १९१६ रोजी कटक येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल इंडियन एअर फोर्समध्ये होते. सेवेत असतानाच भूमिगत स्वातंत्र्यसैनिकांना साहाय्य केल्याबद्दल त्यांना तुरुंगवास घडला. जुलै १९४७ मध्ये त्यांनी डचांचा पहारा चुकवून इंडोनेशियाचे नेते सुतान शारीर यांना विमानाने बाहेर काढले.

१९६१ ते १९६३ या पहिल्या कारकिर्दीत त्यांनी पारादीप बंदराच्या उभारणीस चालना दिली. धाडसी व झटपट निर्णय ही वैमानिकाची वृत्ती तेथे उपयोगी पडली. १९९० मध्ये ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. या वेळी मात्र त्यांनी अधिकार वाटून देण्याचे काम केले. १९९२ च्या पंचायत निवडणुकांत एकतृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती त्यानंतर, २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली.

१९९५ मध्ये त्यांचे सरकार पराभूत झाले. पंचायतींतील स्त्रियांच्या जागा मात्र कायम राहिल्या. कायदा जागा देतो. सभेची सूचना, हिशेबाची वही आणि बोलण्याची संधी स्त्रीसदस्येपर्यंत पोहोचविणे, हे ग्रामपंचायत अधिकारी व सहकारी सदस्यांचे कर्तव्य होय.