दसऱ्याचे चित्रीकरण आणि प्लेस्टेशन

प्रश्न : हिंगोलीच्या दसरा महोत्सवाचे मोबाइलवरील चित्रीकरण पेनड्राइव्हवरून प्लेस्टेशन ४ वर का दिसत नाही?

उत्तर : व्हिडिओ फाइलचे नाव एमपी४ असले, तरी ते केवळ वेष्टनाचे नाव असते, आत चित्र कोणत्या पद्धतीने आकुंचित केले आहे, म्हणजे कोडेक कोणता आहे, यावर सारे अवलंबून असते. अलीकडचे अनेक मोबाइल जागा वाचवण्यासाठी एचईव्हीसी (एच.२६५) वापरतात, तर २०१३ साली बाजारात आलेल्या प्लेस्टेशन ४ चा मीडिया प्लेअर २००३ सालच्या एच.२६४ या कोडेकवर बेतलेला आहे. फाइलचे नुसते नाव बदलण्याचा सर्रास होणारा उपाय म्हणूनच निष्फळ ठरतो.

संगणकावर हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एच.२६४ चित्र, एएसी ध्वनी आणि १०८०पी आकार निवडून नवी प्रत करावी. गुणवत्तेचा आरएफ आकडा २० ते २२ ठेवावा. तो जितका लहान, तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी, हा उलटा हिशेब अनेकांना चकवतो. आतला कोडेक एच.२६४ च असून वेष्टन एमओव्ही असेल, तर एफएफएमपेग या सॉफ्टवेअरने केवळ वेष्टन बदलावे. त्यात दर्जा तसूभरही घटत नाही आणि वेळही वाचतो.

पेनड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा, कारण फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही आणि एनटीएफएस पद्धतीचा पेनड्राइव्ह प्लेस्टेशन ४ वाचत नाही. प्लेस्टेशन ३ ला मात्र फॅट३२ च लागते. तेथे लांबलचक चित्रीकरणाचे तुकडे करण्यावाचून गत्यंतर नाही.