चिकटवलेल्या सांध्यांची सायकल

पुण्याजवळचा बोपदेव घाट चढताना उजवं पेडल खाली गेलं की ‘टक्’ असा आवाज येऊ लागला. सपाटीवर काही नाही. जोर लावला की हमखास. दुकानातल्या मुलाने बेअरिंग बदललं, ग्रीस भरलं, सगळं आवळून दिलं. आवाज गेला आणि आठवड्याभरात परत आला. शेवटी एका मुरलेल्या मेकॅनिकने क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, उतरवली आणि तिचा आस ज्यात फिरतो ती बॉटम ब्रॅकेटची अ‍ॅल्युमिनियमची नळी पान्याने हलवून पाहिली. ती कार्बनच्या फ्रेममध्ये चक्क फिरली! आतला इपॉक्सीचा गोंद सुटला होता, कडेला पांढरी भुकटी साचली होती. सायकल सेकंडहँड घेतलेली. वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच.

सायकलचे भाग असे चिकटवण्याची पद्धत जुनीच आहे. १९८० च्या दशकात आयरिश सायकलपटू शॉन केली ज्या व्हितुस सायकलवर शर्यती जिंकत होता, तिच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्याही चिकटवूनच जोडलेल्या होत्या. नीट बसलेला सांधा वर्षानुवर्षं टिकतो. पण कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारट ओल शिरली, की अ‍ॅल्युमिनियम गंजतं आणि पकड जाते. आपला पाऊस आहेच. त्याहून वाईट म्हणजे पावसाळ्यात घरात ट्रेनरवर गाळलेला घाम. त्यानंतर सायकल साध्या पाण्याने पुसायला कितीसा वेळ लागतो?

माझी नळी पूर्ण सुटली असती तरी मी पडलो नसतो, फार तर घरी चालत आलो असतो. क्रँक किंवा फोर्कचा सांधा सुटला तर दातच जायचे. शिमानोच्या काही पोकळ क्रँकचे दोन भाग असेच चिकटवलेले असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने जुलै २०१९ पूर्वी बनलेल्या काही अल्टेग्रा आणि ड्युरा-एस क्रँक तपासायला बोलावल्या. एकट्या अमेरिकेत अशा सुमारे ६,८०,००० विकल्या गेल्या होत्या. तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या निवेदनात क्रँक सुटल्याच्या ४,५१९ आणि जखमी झाल्याच्या सहा घटनांची नोंद आहे.

सुटत चाललेला सांधा वरून सहसा दिसत नाही, आवाज मात्र करतो. एकदा साफसफाई, ग्रीस आणि आवळणं करूनही आवाज गेला नाही, तर सायकल चालवणं थांबवा आणि क्रँक उतरवून बघायला सांगा. जोडाच्या रेषेवर टॉर्च मारा, नख फिरवा. फट, फुगलेला रंग किंवा पांढरी भुकटी दिसली तर तो भाग बाद समजा. घरी अ‍ॅराल्डाइट भरायचा मोह होतो, मला सल्लेही तेच मिळाले. पण गंजलेल्या पृष्ठभागावर ते धरत नाही, आणि धरल्यासारखं वाटतं हे जास्त वाईट.

सेकंडहँड घेताना रंग आणि गिअर नंतर बघा. क्रँक शिमानोची असेल तर तिच्या आतल्या बाजूला कोरलेली दोन अक्षरं टिपून घ्या, त्यावरून ती कधी बनली हे डीलरला विचारा, आणि विकणारा क्रँक काढून दाखवायला तयार नसेल तर सौदा सोडून द्या.