उडण्याचा पोशाख

मुलांनो, पुणे जिल्ह्यात लोणावळ्याजवळ कामशेत नावाचे गाव आहे. पावसाळा संपला की तेथील डोंगरांवरून रंगीबेरंगी छत्र्या आकाशात तरंगू लागतात. या छत्रीला पॅराग्लायडर म्हणतात. तिला इंजिन नसते.

गेल्या हिवाळ्यात माझा भाचा तेथे उडायला शिकण्यासाठी निघाला. आमच्या आपांना काळजी वाटली, म्हणून त्यांनी मला सोबत पाठवले. भाच्याने अर्धी विजार, चपला आणि मित्राकडून मागून आणलेले मोटारसायकलचे जुने हेल्मेट घातले होते. "मामू, कसा दिसतो?" त्याने विचारले. दिसत होता झकास!

शिक्षकांनी मात्र आधी हेल्मेट बाजूला ठेवले. ते म्हणाले, "हे जड आहे, कानही झाकते. वाऱ्याचा आवाज ऐकू यायला हवा. शिवाय जुन्या हेल्मेटने कधी जोराचा मार खाल्ला असेल, तर आतला फोम दबलेला असतो. बाहेरून ते धड दिसते, पण डोके वाचवत नाही." त्यांनी हवाई खेळांसाठी बनवलेले हलके हेल्मेट दिले आणि हनुवटीखालचा पट्टा स्वतः आवळून पाहिला.

मग बुटांची पाळी आली. उतरताना पाय मुरगळण्याची भीती असते, म्हणून घोट्यापर्यंतचे बूट हवेत. पण लेस अडकवायचे लोखंडी आकडे त्यांना नकोत. छत्रीच्या बारीक दोऱ्या त्या आकड्यांत अडकतात. हे मला कधीच सुचले नसते.

मराठीत 'हवा' आणि 'वारा' हे दोन वेगळे शब्द आहेत. वाहणारी हवा म्हणजे वारा. दर १००० मीटर उंचीला हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. त्यात ताशी ३५ किलोमीटर वेगाने उडताना समोरून वारा लागतो. हिमाचल प्रदेशातील बीर-बिलिंग येथे २०१५ साली पॅराग्लायडिंगची विश्वचषक स्पर्धा झाली. तेथे उड्डाणाची जागाच सुमारे २४०० मीटर उंचीवर आहे. थंडीने बोटे बधिर झाली तर ब्रेकच्या दोऱ्या नीट ओढता येत नाहीत. म्हणून हातमोजे आणि वारा अडवणारे जाकीट हवेच, खाली कितीही ऊन असो.

बसायच्या झोळीला हार्नेस म्हणतात. तिच्या पाठीला जाड फोम असतो आणि आत संकटकाळासाठी दुसरी छत्री घडी करून ठेवलेली असते.

काही दिवस उतारावर सराव झाला. मग खऱ्या उड्डाणाचा दिवस आला. वारा अनुकूल होता. जाकीट चढवण्यासाठी भाच्याने हार्नेसचे पट्टे सोडले होते. आता तो धावण्याच्या तयारीत उभा राहिला.

"थांब!" शिक्षक ओरडले. "मांड्यांचे पट्टे?"

ते मोकळेच लोंबत होते. तसाच उडाला असता, तर तो हार्नेसमधून खाली घसरला असता. त्याचा चेहरा पांढरा पडला. पट्टे लावून, एकेक ओढून पाहून तो पाच मिनिटांनी उडाला.

खाली उतरल्यावर त्याने अम्मीला फोन केला. पट्ट्यांची गोष्ट मात्र सांगितली नाही. ती मी सांगितली.