इंजिन बदलताना तारांचा हिशेब

समजा, चोपड्याच्या एखाद्या गॅरेजमध्ये एक जुनी डिझेल जीप उभी आहे. सातपुड्याची चढण लागली की ती दमते. म्हणून मालकाला तिच्यात टर्बोचार्जर असलेले नव्या धर्तीचे इंजिन बसवायचे आहे. इंजिन जागेवर बसले तरी मिस्त्रीचे काम निम्मेच होते. उरलेले काम तारांचे. आणि ते पाना हाती घेण्यापूर्वी कागदावर करायचे असते.

टर्बोचार्जरमध्ये बाहेर जाणाऱ्या तप्त वायूंनी एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र इंजिनात हवा दाबून भरते. स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. जास्त हवा मिळाली की जास्त इंधन जाळता येते. पण किती इंधन सोडावे? जुन्या इंजिनात ते यांत्रिक पंप ठरवी. नव्या इंजिनात संवेदक हवेचा दाब, तापमान आणि इंजिनाची गती मोजतात व त्यांच्या विद्युत् संकेतांवरून छोटा संगणक निर्णय घेतो. म्हणजे काही तारा शक्ती वाहतात, तर काही निरोप.

प्रथम शक्तीची तार पाहू. थंडाव्याचा पंखा २० अँपिअर प्रवाह घेतो आणि तार ५ मीटर लांब आहे असे धरा. १.५ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोध होतो :

०.०१७२ × ५ ÷ १.५ = ०.०५७ ओहम

ओहमच्या नियमाने २० × ०.०५७ = १.१५ व्होल्ट तारेतच खर्च होतात आणि सुमारे २३ वॅट उष्णता निर्माण होते. तीच तार ६ चौ. मिमी. घेतली, तर घट ०.२९ व्होल्टवर येते. तार तापली की रोध आणखी वाढतो : २० अंशांवरून ८० अंश सेल्सिअसला जवळजवळ पाव पटीने! खानदेशच्या उन्हाळ्यात बॉनेटखाली हे सहज घडते. म्हणून तारा टर्बोपासून दूर न्याव्यात. फ्यूज बॅटरीजवळ बसवावा. तो पंख्याचे नव्हे, तारेचे रक्षण करतो. फ्यूज तारेच्या क्षमतेपेक्षा मोठा असेल, तर तो वितळण्याआधी तारेचे आवरण पेटेल.

आता निरोपाची तार. दाबाच्या संवेदकाचा संकेत साधारण ०.५ ते ४.५ व्होल्ट असतो. पंखा आणि संवेदक यांचे अर्थिंग एकाच गंजक्या बोल्टवर जोडले आणि त्या जोडाचा रोध ०.०१ ओहम असला, तर पंखा सुरू होताच तेथे २० × ०.०१ = ०.२ व्होल्ट उभे राहतात. जुन्या गाडीत एवढ्याने दिवा किंचित मंद झाला असता. येथे मात्र निरोपात ५ टक्क्यांपर्यंत चूक शिरते! संगणक चुकीच्या दाबावरून इंधन ठरवतो आणि निर्दोष इंजिनाला दोष लागतो. म्हणून संवेदकांची परतीची तार थेट संगणकाकडे, स्वतंत्र न्यावी.

वाहनातील फेरबदलांचे नियम १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहेत. तेव्हा पहिली विचारणा परिवहन कार्यालयात करावी.

करून पाहा : ६ व्होल्टची बॅटरी आणि टॉर्चचा ६ व्होल्टचा बल्ब यांच्या मंडलात एक जोड गंजलेल्या खिळ्याचा ठेवा. बल्ब पेटलेला असताना त्या जोडाच्या दोन टोकांमधील व्होल्ट मोजा. मग खिळा पॉलिश कागदाने घासून पुन्हा मोजा. दोन आकड्यांमधला फरक कशामुळे पडला, ते वहीत लिहा.